वजन उतरवताना स्नायू कसे राखावेत: आहार आणि व्यायाम यांचा मेळ

पुण्यात वजन कमी करण्याचा संकल्प करणारे लोक ढोबळमानाने दोन वाटांनी जातात. काही जण पहाटे तळजाई, हनुमान टेकडी किंवा पर्वती गाठतात, नेमाने घाम गाळतात आणि घरी आल्यावर ताटात पूर्वी होते तेच आणि तितकेच वाढून घेतात. दुसरे व्यायामाच्या वाटेला जात नाहीत. ते जेवणच निम्म्यावर आणतात, रात्री नुसते सूप पिऊन किंवा काकडी खाऊन झोपतात आणि महिन्याभरात सहा-सात किलो उतरल्याचे समाधान मिळवतात. पहिल्यांचा काटा फारसा हलत नाही. दुसऱ्यांचा हलतो, पण चरबीबरोबर त्यांचे स्नायूही झिजतात, आणि खाणे पूर्ववत झाले की जे वजन परत येते ते बहुतांशी चरबीच्या रूपानेच येते. म्हणून आहार आणि व्यायाम यांचा मेळ घालताना नजर दोन गोष्टींवर ठेवावी लागते: चरबी हळूहळू घटली पाहिजे आणि स्नायू जागच्या जागी राहिले पाहिजेत.

बहुतेक प्रौढांसाठी आठवड्याला सुमारे अर्धा किलो ही सुरक्षित गती आहे. वजन शंभर किलोच्या पुढे असेल, तर सुरुवातीचे काही महिने आठवड्याला एक किलोपर्यंतची घट चालू शकते. त्याहून वेगाने वजन उतरवल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात आणि थकवा पाठ सोडत नाही. पहिल्या आठवड्यात मात्र एखादा किलो जास्त उतरला, तरी घाबरून जाण्याचे किंवा हुरळून जाण्याचे कारण नाही. यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन (साखरेचा साठा) कमी खाण्यामुळे घटते, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते आणि तेही बाहेर पडते. ती घट पाण्याची असते.

काट्यावर न दिसणारी गोष्ट

स्नायूंवर एवढा भर देण्याचे कारण आपल्या शरीराच्या घडणीत आहे, आणि त्याचा अभ्यास पुण्यातच झालेला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) एकच होता, २२.३. तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आढळली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. उंची आणि वजन यांचे गुणोत्तर सारखे असूनही भारतीय शरीरात चरबीचा वाटा दुपटीहून अधिक निघाला. आपल्यापैकी अनेकांचे हातपाय बारीक असतात आणि पोट मात्र पुढे आलेले असते, हे आपण घरीदारी पाहतोच. चरबी जास्त आणि स्नायू मुळातच कमी असलेल्या माणसाने उपाशी राहून वजन उतरवले, तर जे थोडे आहे तेही तो गमावून बसतो. स्नायू रक्तातील साखर खेचून घेतात, गुडघ्यांवरचा भार वाटून घेतात आणि म्हातारपणी तोल सावरतात. ते घालवून मिळवलेले कमी वजन फायद्याचे नाही.

याच कारणाने भारतीयांसाठी बीएमआयची मर्यादाही खालची धरली जाते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उत्तर २३ च्या पुढे गेले तर वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेले तर स्थूलता, असे आपल्याकडील वैद्यकतज्ज्ञ मानतात. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा. घेर मोजताना टेप बेंबीपाशी अंदाजाने न धरता, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये धरावी, श्वास सहज सोडावा आणि मग आकडा वाचावा. पोट आत ओढून घेतलेल्या मापाचा कोणालाच उपयोग नाही. बीएमआय, घेर आणि तारीख हे तीनही आकडे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

सुरू करण्यापूर्वीच्या तपासण्या

चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आणि घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊनच सुरुवात करावी. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, लिपिड (रक्तातील चरबी) आणि शाकाहारी असल्यास बी-१२ या तपासण्या करून घेण्यासारख्या आहेत. थायरॉइड कमी काम करत असेल किंवा हिमोग्लोबिन घटलेले असेल, तर टेकडीवर दम लागण्याचे खरे कारण तेच असू शकते, आणि ते दूर केल्याशिवाय व्यायाम वाढवणे अंगाशी येते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी केले आणि औषध तेवढेच ठेवले, तर साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या औषधांची मात्राही वजन उतरल्यावर कमी करावी लागू शकते. हे बदल डॉक्टरांनीच करायचे असतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले आणि पूर्वी खाण्यासंबंधीच्या मानसिक आजारातून गेलेल्या व्यक्ती यांनी पुढील हिशेब स्वतःला लावू नये.

हिशेब कसा मांडावा

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. बेचाळीस वर्षांची, १५८ सेंटिमीटर उंचीची, ७४ किलो वजनाची आणि दिवसाचा बराच वेळ बसून काम करणारी स्त्री घेऊ. शरीर नुसते जिवंत ठेवायला लागणारी ऊर्जा काढण्याचे मिफ्लिन यांचे सूत्र असे आहे: किलोमधील वजनाला १० ने आणि सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून बेरीज करावी, त्यातून वयाची पाचपट वजा करावी, आणि स्त्रियांसाठी आणखी १६१ वजा करावेत (पुरुषांसाठी ५ मिळवावेत). या स्त्रीचे उत्तर सुमारे १,३५५ कॅलरी येते. बैठ्या दिनक्रमासाठी त्याला १.४ ने गुणले की तिचा दिवसाचा खर्च साधारण १,९०० कॅलरी भरतो.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. आठवड्याला अर्धा किलो उतरवायचे, तर आठवड्याची तूट ३,८५० आणि दिवसाची ५५० कॅलरींची हवी. ही सगळी तूट जेवणातून काढायची ठरवली, तर आहार १,३५० वर येतो, ज्यात पुरेशी प्रथिने आणि जीवनसत्त्वे बसवणे कठीण होते आणि भूकही आवरत नाही. सगळी तूट व्यायामातून काढायची ठरवली, तर तिला रोज तीन तासांच्या आसपास चालावे लागेल. दोन्हींत वाटणी केली की गणित माणसाच्या आवाक्यात येते: जेवणातून ४०० कॅलरी कमी करून आहार १,५०० वर ठेवावा आणि रोज पाऊण तासाच्या भरभर चालण्यातून सुमारे १५० कॅलरी जास्त खर्च कराव्यात. म्हणजे तुटीचा जवळपास तीन-चतुर्थांश वाटा ताटातून येतो आणि उरलेला पायांतून. व्यायामाचा वाटा येथे लहान दिसतो, पण उतरलेले वजन चरबीचे असावे की स्नायूंचे, हे ठरवण्यात त्याचा हात मोठा आहे, म्हणून कॅलरींच्या आकड्यावरून त्याचे मोल करू नये.

सूत्राने आलेला आकडा हा अंदाज असतो, आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून शंभर-दोनशे कॅलरींनी कमी-जास्त असू शकतो. तीन-चार आठवडे चालवून पाहावे आणि काट्याच्या उत्तराप्रमाणे त्यात बदल करावा. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्त्रियांनी १,२०० आणि पुरुषांनी १,५०० कॅलरींच्या खाली मात्र उतरू नये.

स्वयंपाकघरात

चारशे कॅलरी कमी करायच्या म्हटले की लोक आधी भात आणि पोळी यांवर कुऱ्हाड चालवतात. माझ्या मते पहिली नजर तेलाच्या डब्याकडे वळवावी. ज्या दिवशी पाच लिटरचा नवा डबा फोडाल, त्या दिवशीची तारीख त्यावर लिहा आणि तो किती दिवस पुरतो ते पाहा. चार माणसांच्या घरात तो महिनाभरात संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ४० मिलिलिटर, म्हणजे आठ चहाचे चमचे तेल पोटात जाते आणि त्यातून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी मिळतात. तोच डबा दोन महिने पुरवायचा, एवढेच उद्दिष्ट घरासमोर ठेवले, तरी प्रत्येकाच्या पावणेदोनशे कॅलरी कोणाचीही पोळी न काढता कमी होतात. त्यासाठी किटलीतून थेट कढईत तेल ओतण्याची सवय सोडून मापाचा चमचा वापरावा लागतो. चौघांच्या भाजीला चार लहान चमचे तेल फोडणीला पुरते. भाजी खाली लागेल असे वाटले तर झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावी. दाण्याचे कूट आणि ओले खोबरे हेही तेलाच्याच खात्यात धरावे, कारण शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात आणि पुणेरी स्वयंपाकात कूट चमच्याने नव्हे, मुठीने पडते.

दुसरी नजर चहाकडे. दिवसाला चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी होतात. वरच्या उदाहरणातील स्त्री पाऊण तास चालून जेवढे खर्च करते, तेवढे या चार कपांतील साखरेतून परत येते. साखर एकदम तोडली तर चहा घशाखाली उतरत नाही. दर आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करत गेल्यास महिन्याभरात जीभ सरावते. गूळ किंवा मध घातल्याने कॅलरींत लक्षणीय फरक पडत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

हे दोन बदल झाले की ताटाची मांडणी बदलावी. आपल्या जेवणात धान्याचा वाटा अवाजवी मोठा असतो: पोळी, त्यावर वरणभात, सोबत बटाट्याची भाजी. प्रथिने एका वाटीभर पातळ वरणापुरती उरतात. वजन उतरवताना स्नायू टिकवायचे असतील, तर उद्दिष्ट वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक ते १.२ ग्रॅम प्रथिने दिवसभरात मिळाली पाहिजेत. ज्या स्त्रीचे उद्दिष्ट ६० किलो आहे तिला ६० ते ७० ग्रॅम लागतील. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.) शाकाहारी घरात ही बेरीज सहज होत नाही, ती ठरवून करावी लागते. सकाळी पन्नास ग्रॅम मूगडाळ भिजवून-वाटून केलेली दोन धिरडी घेतली, तर त्यांतून बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. दुपारी एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी, चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणून केलेली उसळ, कोशिंबीर आणि वाटीभर दही घेतले, तर सुमारे वीस ग्रॅम होतात. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि एक पेरू, रात्री एक फुलका, भाजी, घट्ट वरण आणि साठ-सत्तर ग्रॅम पनीर घेतले की दिवसाची बेरीज पासष्ट ग्रॅमच्या आसपास जाते आणि कॅलरी पंधराशेच्या फार पुढे जात नाहीत. अंडी खाणाऱ्यांना हे सोपे जाते, कारण एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने आणि सत्तरच्या आसपास कॅलरी असतात. मासे किंवा कोंबडी खाणाऱ्यांनी रस्सा बेताने वाढून घ्यावा. प्रथिने फोडींत असतात आणि तेल तवंगात.

उसळीच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. उसळ रोज करायची ठरवली आणि कडधान्य आदल्या दिवशी भिजत घालायचे राहिले, की सगळा बेत कोलमडतो. रविवारी मटकी, मूग आणि चवळी अशी तीन कडधान्ये एकाच वेळी भिजत घालावीत, सोमवारी मोड आले की डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावीत, म्हणजे आठवड्याचे बहुतेक दिवस निभावतात.

उपवासाचे दिवस वेगळे पाहावे लागतात. संकष्टी आणि एकादशी धरणाऱ्या घरांत वजन सर्वांत जास्त अडते ते साबुदाण्याच्या खिचडीपाशी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट असते, त्यात प्रथिने नाममात्र असतात, आणि तूप, दाणे, बटाटा मिळून एका भरल्या बशीत चारशे-पाचशे कॅलरी सहज जातात. उपवास मोडण्याची गरज नाही. वरईचा वाटीभर भात, दाण्याची पातळ आमटी, भरपूर दही, राजगिऱ्याची भाकरी आणि फळे अशी मांडणी केली, तर धर्मही सांभाळला जातो आणि हिशेबही. दिवसातून दोनदाच जेवण्याची किंवा सोळा तास पोट रिकामे ठेवण्याची पद्धत ज्यांना मानवते त्यांनी ती जरूर पाळावी, पण दिवसाची एकूण कॅलरी आणि प्रथिने यांचा नियम त्यांनाही तसाच लागू राहतो. दोन जेवणांत पासष्ट ग्रॅम प्रथिने बसवणे तर अधिकच कठीण जाते.

टेकडीवरून उतरल्यानंतर

रविवारी सकाळी सिंहगड चढून गेलेल्या माणसाने वर कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही घेतले, तर त्याला कोणी दोष देऊ नये. तो गडाचाच एक भाग आहे. पण रोजच्या टेकडीनंतर रोज मिसळ, वडापाव किंवा पोह्यांची दुसरी बशी हा नेम होऊन बसला, की वजन तसूभरही हलत नाही. सत्तर किलोच्या माणसाने सपाटीवर अर्धा तास भरभर चालल्यास सुमारे १२० कॅलरी खर्च होतात. टेकडी चढण्यात त्याहून बऱ्याच जास्त होतात, पण एक वडापाव तीनशेच्या घरात जातो आणि फरसाण, तर्री आणि दोन पाव यांसह मिसळ त्याच्याही पुढे. व्यायामानंतरची भूक खरी असते, तिला दाबण्याचा उपदेश मी करणार नाही. घरून निघतानाच धिरड्याचे पीठ तयार ठेवावे किंवा अंडी उकडून ठेवावीत, म्हणजे परत आल्यावर दहा मिनिटांत ताटात काहीतरी येते आणि कोपऱ्यावरच्या टपरीकडे पाय वळत नाहीत. पाऊण तासाच्या चालण्याआधी निराळे काही खाण्याची सहसा गरज नसते. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी टेकडी चढू नये आणि खिशात साखरेच्या गोळ्या ठेवाव्यात.

व्यायाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. मध्यम गती ओळखण्याची खूण अशी, की चालताना बरोबरच्या माणसाशी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. सारसबागेत गप्पा मारत घेतलेल्या फेऱ्या मनाला आनंद देतात, आणि तेवढ्यासाठी त्या घ्याव्यातच, परंतु त्या या मिनिटांत धरू नयेत.

ज्यांनी कित्येक वर्षांत व्यायाम केलेला नाही, त्यांनी पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर रोज वीस मिनिटेच चालावे. विद्यापीठाच्या आवारातील झाडीचे रस्ते यासाठी फार सोयीचे आहेत. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत पाऊण तासापर्यंत यावे आणि मगच चढ धरावा. पर्वतीच्या पायऱ्या शंभराच्या थोड्या वर आहेत. प्रारंभी एकदाच आणि मधे थांबत चढाव्यात. चढण्यात हृदयाची परीक्षा होते आणि उतरण्यात गुडघ्यांची, हे वजन जास्त असलेल्यांनी विसरू नये. उतरताना पावले लहान टाकावीत, धावत उतरू नये आणि गुडघा दुखत असेल तर टेकडी काही काळ बाजूला ठेवून पोहणे किंवा सायकल निवडावी. पावसाळ्यात वेताळ टेकडीच्या पायवाटा निसरड्या होतात. त्या दिवसांत इमारतीचा जिना किंवा घरातल्या घरात चालणे बरे. हिंजवडी-खराडीकडे नोकरीला जाणाऱ्यांचा प्रवासात आणि खुर्चीत इतका वेळ जातो, की सकाळचा पाऊण तास उरलेल्या दिवसाची भरपाई करू शकत नाही. त्यांनी दर तासाला उठून पाच मिनिटे फिरावे, फोन उभ्याने घ्यावा, जेवणानंतर दहा मिनिटे चालावे. जेवणानंतरच्या त्या थोड्या चालण्याने रक्तातील साखरेची उसळीही कमी होते.

ताकदीचा व्यायाम हा आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, विशेषतः स्त्रियांमध्ये, आणि वजन उतरवताना तोच सर्वांत आवश्यक आहे. कमी खाणाऱ्या शरीराला 'हा स्नायू लागतो आहे' असा निरोप भार उचलल्यानेच मिळतो. त्यासाठी जिममध्ये नाव घालावेच लागते असे नाही. भिंतीला लावलेल्या भक्कम खुर्चीवरून हात न टेकता उठावे, आणि बसताना मनात तीन मोजत सावकाश खाली यावे. असे दहा वेळा करावे, मिनिटभर विसावा घ्यावा आणि आणखी दोन फेऱ्या कराव्यात. सावकाश खाली येणे हा यातला कळीचा भाग आहे. धपकन बसणाऱ्याच्या मांड्यांना अर्धाच व्यायाम होतो. ओट्याला किंवा भिंतीला हात टेकून जोर काढावेत, पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलावी, पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा उचलाव्यात. सूर्यनमस्कार उत्तम आहेत, ते घालणाऱ्यांनी सोडू नयेत. मात्र त्यांत ढकलण्याची आणि वाकण्याची हालचाल आहे, ओढण्याची नाही. म्हणून खिडकीच्या गजाला व्यायामाचा रबरी पट्टा अडकवून तो छातीकडे ओढण्याच्या दहा-बारा वेळांच्या दोन-तीन फेऱ्या त्यांना जोडाव्यात, म्हणजे पाठ आणि दंडही कामाला लागतात. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, अर्धा-अर्धा तास पुरे होतो. दहा वेळा सहज जमू लागले की बारा, पंधरा करावे, नंतर पाण्याने भरलेल्या बाटल्या हातात घ्याव्यात. भार वाढत गेला नाही, तर स्नायूंना टिकून राहण्याचे कारण उरत नाही. भार उचलताना श्वास रोखून धरू नये. रक्तदाब असलेल्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

चढताना छातीत दाब जाणवला, दुखणे जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकले, घाम फुटून डोळ्यांसमोर अंधारी आली, तर तेथेच बसावे, सोबतच्यांना सांगावे आणि थेट रुग्णालयात जावे. ॲसिडिटी असेल असे म्हणून घरी जाऊन पडून राहू नये.

रात्रीची झोप हाही व्यायामाच्याच नियोजनाचा भाग मानावा. झोप कमी झाली की भूक वाढते आणि गोड-तळलेल्याची ओढ वाढते. पहाटे पाचला टेकडीवर जायचे म्हणून साडेपाच तासांच्या झोपेवर दिवस काढण्यापेक्षा संध्याकाळी चालावे आणि सात तास झोपावे.

काटा वाचताना

वजन सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, एकाच काट्यावर आणि एकसारख्या कपड्यांत करावे. रोज केले तरी चालेल, परंतु आठवड्याची सरासरी काढून तीच मागच्या आठवड्याशी ताडून पाहावी. आदल्या रात्रीचे खारट लोणचे-पापड, बद्धकोष्ठता किंवा पाळीपूर्वीचे दिवस यांमुळे वजन एका रात्रीत किलोभर वर जाऊ शकते आणि त्यात चरबीचा काही संबंध नसतो. कंबरेचा घेर पंधरा दिवसांनी मोजावा. ताकदीचा व्यायाम नव्याने सुरू केलेल्यांचे वजन कधी कधी दोन-तीन आठवडे तिथेच थांबते आणि घेर मात्र उतरतो; अशा वेळी घेरावर विश्वास ठेवावा.

चार आठवडे वजनही हलले नाही आणि घेरही नाही, तर आधी तीन दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहून काढावी, कारण स्वयंपाक करताना चाखलेले, मुलांच्या ताटात उरलेले आणि कचेरीत कोणाच्या वाढदिवसाला घेतलेले बहुधा वहीत आलेले नसते. ते सगळे धरूनही हिशेब बरोबर असेल, तर शरीर हलके झाल्यामुळे त्याचा खर्चही घटलेला असतो. ७४ वरून ६८ वर आलेल्या त्या स्त्रीचा बसल्या जागचा खर्चच साठ कॅलरींनी कमी होतो आणि तेवढ्याच अंतराचे चालणे तिला स्वस्तात पडते. अशा वेळी जेवण आणखी तोडण्यापेक्षा चालण्यात दहा-पंधरा मिनिटे वाढवावीत. उलट, आठवड्याला एक किलोहून अधिक वजन सलग तीन आठवडे उतरत असेल, सारखी थंडी वाजत असेल, पाळी अनियमित झाली असेल किंवा पूर्वी उचलता येणारा भार आता उचलवत नसेल, तर शंभर-दोनशे कॅलरी वाढवाव्यात. काहीही प्रयत्न न करता वजन उतरत असेल, तर तो डॉक्टरांकडे जाण्याचा विषय आहे. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची हल्ली बरीच चर्चा असते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात, आणि ती घेणाऱ्यांना भूकच लागत नसल्याने प्रथिने आणि ताकदीचा व्यायाम यांकडे त्यांना इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते.

पहिले उद्दिष्ट आजच्या वजनाच्या पाच टक्क्यांचे ठेवावे. ७४ किलोंसाठी ते चार किलोंपेक्षाही कमी भरते, आणि पाच ते दहा टक्के घट झाली तरी रक्तदाब आणि साखर यांत सुधारणा दिसू लागते. ते गाठायला आठ आठवडे लागतील. ते गाठल्यावर दोन-तीन आठवडे वजन आहे तिथेच ठेवण्याचा सराव करावा आणि मग पुढच्या पाच टक्क्यांकडे वळावे.

गणपती, दिवाळी आणि आंब्याचे दिवस या काळात वजन उतरवण्याचा हट्ट धरू नये. ते वाढू दिले नाही तरी पुष्कळ. उकडीचे दोन मोदक तुपासह खावेत, त्या जेवणात भात आणि पोळी कमी करावी आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या ताटावर यावे. आमरसाच्या दिवशी पुरीऐवजी फुलका घ्यावा. फराळाचे डबे जेवणाच्या टेबलावर ठेवले, तर येता-जाता हात जातो. ते वरच्या फडताळात ठेवावेत आणि चकली-शेव बशीत काढूनच खावी. सासरी-माहेरी आग्रह होतो तेव्हा 'डॉक्टरांनी सांगितले आहे' असे म्हणण्यापेक्षा ताटात आधीच उसळ आणि कोशिंबीर भरपूर वाढून घेणे सोपे जाते, कारण भरलेल्या ताटात वाढणाऱ्याला जागाच दिसत नाही.

उद्दिष्ट गाठल्यावर जेवण एकदम पूर्वीसारखे करू नये. दर आठवड्याला शंभर कॅलरी, म्हणजे साधारण एक फुलका, वाढवत न्यावा आणि वजन स्थिर राहील तिथे थांबावे. चालणे आणि ताकदीचे दोन दिवस यांत मात्र कपात करू नये, कारण उतरलेले वजन राखणाऱ्यांमध्ये नियमित व्यायाम करणारेच अधिक आढळतात. आठवड्यातून एकदा वजन करणे सुरूच ठेवावे. ते ठरलेल्या आकड्यापेक्षा दोन किलोंनी वर गेले, की सणवार संपण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यापासून वही पुन्हा उघडावी आणि तेल पुन्हा मोजून घालायला लागावे.